पेशींची दारे

श्रोतेहो, दारे धरणे म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको. एक वाफा भरला की त्याचे दार मातीने लावायचे आणि पुढच्याचे फोडायचे. राखणाऱ्याला डुलकी लागली, की एकीकडे तळे अन् दुसरीकडे कोरड. आपल्या शरीरातल्या पेशीही रात्रंदिवस अशीच दारे धरीत असतात.

पेशीच्या पातळ आवरणात अतिसूक्ष्म वाटा असतात. शास्त्रज्ञ त्यांना आयन-मार्ग म्हणतात; आपण दारेच म्हणू. कॅल्शियमचे दार वेगळे, पोटॅशियमचे वेगळे. अशा एकट्या दारातून वाहणारी वीज मोजायची युक्ती नेहर आणि झाकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७६ साली काढली; १९९१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्याच साहाय्याने १९८४ साली रक्तातल्या टी-पेशींत पोटॅशियमचे दार सापडले.

टी-पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. त्यांच्या आत जेवढे कॅल्शियम, त्याच्या सुमारे दहा हजार पट बाहेर असते. शत्रूची खूण पटली की कॅल्शियमचे दार उघडते, धार आत येते आणि पेशी खडबडून जागी होते. पण कॅल्शियमबरोबर धन विद्युत्‌भारही येतो. तो साचला की येणारी धार थांबते. काठोकाठ भरलेल्या वाफ्यात पाणी शिरते का? मग वाफ्याचा खालचा बांध फोडावा, तसे पोटॅशियमचे दार उघडते. तेवढा भार बाहेर जातो अन् कॅल्शियम येत राहते.

आता हा राखणदारच घरच्या माणसांना चोर समजला तर? मग तो सांध्यांवर, मज्जातंतूंच्या वेष्टणावर, इन्सुलिन करणाऱ्या पेशींवर तुटून पडतो. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांना सकाळच्या शाळेत खडू धरता येईना. दहा वाजता बोटे सैल होत. वात म्हणून तेल चोळण्यात दोन वर्षे गेली. तोवर दोन बोटे वाकडी झाली होती.

अशा रोगांवरची बरीच औषधे राखणदारांच्या सगळ्या फौजेलाच गुंगी आणतात. मग क्षयासारख्या रोगाचे फावते. पण पुन्हापुन्हा चेतलेल्या, दंगा करणाऱ्या टी-पेशींत 'केव्ही १.३' नावाचे पोटॅशियमचे दार फार असते. शांत पेशीत दोन-तीनशे, तर यांच्यात दीड हजारांच्या घरात! तेवढेच दार बुजवले तर बाकीची फौज जागी राहील, असा हा विचार आहे.

बूच सापडले ते विषात. कॅरिबियन समुद्रातल्या समुद्रफुलाच्या, तसेच काही विंचवांच्या विषात हे दार बंद करणारे रेणू असतात. (म्हणून कोणी विंचू चावून घेऊ नये, बरं का! चावलाच तर तडक दवाखाना गाठावा.) अडचण अशी, की मज्जातंतूंतही याच दाराची भावंडे आहेत, ती बुजली तर भलतेच व्हायचे. तेव्हा समुद्रफुलाच्या रेणूत फेरफार करून त्याला एकच दार ओळखायला शिकवले. सोरायसिस या त्वचारोगाच्या २४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. तिचा वृत्तान्त २०१७ साली प्रसिद्ध झाला. काहींचे चट्टे कमी झाले. पण माणसे २४ आणि उपचार चारच आठवड्यांचा, एवढ्यावरून औषध सापडले असे मी म्हणणार नाही.

ते शिक्षक सध्या डॉक्टरांच्या नेहमीच्याच गोळ्यांवर आहेत. वाकडी झालेली बोटे सरळ झाली नाहीत. पण पहिल्या तासाला खडू धरतात.