झाकणामागचे रंग

दिवाळीच्या आधी माळ्यावरची पितळी भांडी खाली काढायची आणि चिंच लावून लख्ख घासायची, ही सवय आपल्या हातात मुरलेली असते. जुनं रिव्हॉल्व्हर जमवायला निघालेल्या माणसाला सगळ्यात आधी हा हात आवरावा लागतो. शंभर-दीडशे वर्षांत त्या लोखंडावरून जे उडालं, झिजलं, तपकिरी पडलं, तोच त्याच्या वयाचा दाखला. तो घासून काढला की परत मिळत नाही.

अमेरिकेत जुन्या शस्त्रांसाठी नॅशनल रायफल असोसिएशनची प्रतवारी सर्रास वापरतात. ‘एक्सलंट’ म्हणायला सगळे भाग मूळ हवेत आणि कारखान्याचं फिनिश ८० टक्क्यांहून जास्त शिल्लक हवं. ‘फाइन’ला ३० टक्क्यांहून जास्त. पण ‘व्हेरी गुड’साठी मूळ फिनिश अजिबात उरलेलं नसलं तरी चालतं. भाग मात्र मूळचे हवेत, धातू गुळगुळीत हवा आणि कडा ठसठशीत हव्यात. म्हणजे रंग पार उडालेलं रिव्हॉल्व्हर मानाचं ठरू शकतं आणि नव्यानं रंगवलेलं ठरत नाही. ही एक गोष्ट पटली की बाकीचं हळूहळू समजत जातं.

उदाहरणाला कोल्ट कंपनीचं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ घेतो, कारण मी त्यावरच शिकलो. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या कारखान्यात १८७३ साली ते बनू लागलं. सॅम्युअल कोल्टला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. अमेरिकन लष्करानं साडेसात इंची नळीची सुमारे ३७,००० रिव्हॉल्व्हर घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला उत्पादन थांबलं, तोवर क्रमांक साडेतीन लाखांच्या पुढे गेला होता.

हातात घेतल्यावर पहिलं काम एकच: ते रिकामं आहे याची खात्री. मालकाला विचारून घोडा अर्धा मागे घ्यायचा, उजवीकडचं छोटं झाकण उघडायचं, चक्री हातानं सावकाश फिरवायची आणि सहाही घरं डोळ्यांनी पाहायची. दुसऱ्यानं ‘रिकामं आहे’ म्हटलं तरी पाहायचीच.

मग ते खिडकीच्या उजेडात धरायचं. या रिव्हॉल्व्हरचा मधला सांगाडा, म्हणजे फ्रेम, आणि बाकीचे भाग यांवरचं काम वेगवेगळं असतं. नळी, चक्री, चापाभोवतीची कडी आणि मुठीची पाठ यांना निळसर-काळं ‘ब्लूइंग’ केलेलं असे. फ्रेम मात्र हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात पुरून लालबुंद तापवत आणि एकदम पाण्यात सोडत. कोळशातला कार्बन पृष्ठभागात मुरून तो कठीण होई, आणि थंड होताना त्यावर निळे, करडे, गवती पिवळे ढग उमटत. दोन फ्रेमवरचे ढग कधी सारखे नसतात.

हे रंग फार नाजूक. ऊन, घामाचा हात, म्यानाचं चामडं यांनी ते विटतात आणि खाली रुप्यासारखा करडा धातू उरतो. पण आडोशाच्या जागी ते टिकतात. एका जुन्या संग्राहकानं मला हे दाखवलं तो क्षण अजून डोळ्यांसमोर आहे. त्यानं पुढे केलेलं रिव्हॉल्व्हर बाहेरून पूर्ण करडं होतं, मला तर ते अगदी निस्तेज वाटलं. त्यानं नखानं ते छोटं झाकण उघडलं आणि दिव्याखाली तिरकं धरलं. झाकण एरवी बंद राहतं, त्यामुळे त्याच्या मागच्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत मोरपिशी निळा आणि मधासारखा पिवळा रंग जसाच्या तसा होता. तोच रंग फ्रेम आणि चापाच्या कडीच्या सांध्यात केसाएवढ्या रेघेत दिसत होता. जिथे हात पोचतो तिथे उडालेला, जिथे पोचत नाही तिथे राहिलेला. असं असेल तर झीज खरी. उलट, कडा झिजून गोल झाल्यात आणि त्या कडांवरही रंग झगझगीत आहेत, तर ते रंग नंतर कुणीतरी चढवलेले आहेत.

ब्लूइंगही असंच तपासायचं. म्यानातून आत-बाहेर होणाऱ्या रिव्हॉल्व्हरची झीज नळीच्या टोकाला आणि चक्रीच्या पुढच्या कडेला आधी दिसते. मुठीची पाठ तळहाताच्या घामानं तपकिरी पडते. गंजानं पडलेल्या बारीक खड्ड्यांत डोकावून पाहायचं. खड्ड्याच्या तळालाही निळाई असेल, तर गंज आधी आला आणि रंग मागाहून.

पुन्हा रंगवण्याआधी घासावं लागतं, आणि घासण्याच्या खुणा लपत नाहीत. पॉलिशच्या चाकानं सपाट बाजू आणि कडा गोलावतात, स्क्रूच्या भोकाभोवती उथळ वाटीसारखा खळगा पडतो, नळीवरच्या हार्टफर्डच्या पत्त्याची अक्षरं एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट होतात. भिंग घेऊन मी हा पत्ता सगळ्यात जास्त वेळ पाहतो. स्क्रूच्या खाचाही खूप सांगतात. घरगुती पेचकसाचं टोक निमुळतं असतं, ते खाचेत नीट बसत नाही आणि कड फाडतं. खाचा फाटलेल्या असतील तर आत कुणीतरी शिरलेलं आहे, मग आतले भागही बदललेले असू शकतात.

आता क्रमांक. फ्रेमच्या खाली, चापाच्या कडीवर आणि मुठीच्या पाठीच्या तळाशी, असा तीन ठिकाणी तो असतो आणि तिन्हीकडे एकच हवा. जुन्या अखंड लाकडी मुठीच्या आतही तो लिहिलेला सापडतो. लष्करी नगावर तपासनिसाच्या आद्याक्षरांचा शिक्काही असतो. पहिल्या काळातला ओ. डब्ल्यू. एन्सवर्थ याचा शिक्का असलेले नग सर्वाधिक मागणीचे, आणि म्हणून त्यांची नक्कलही भरपूर.

क्रमांकाच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे. १८९०च्या दशकात लष्करानं साठ्यातली बरीच रिव्हॉल्व्हर दुरुस्तीला काढली, नळ्या साडेपाच इंचांवर कापल्या आणि जोडणी करताना भाग एकमेकांत मिसळले. या ‘आर्टिलरी’ प्रकारात वेगवेगळे क्रमांक हीच मूळ स्थिती. तिथे सगळे क्रमांक जुळले तर उलट जास्त बारकाईनं पाहावं लागतं. ‘मूळ’ म्हणजे ज्या अवस्थेत ते नोकरीत होतं ती अवस्था, हे मला या प्रकारानं शिकवलं.

शेवटचा पुरावा कागदाचा. फी भरून क्रमांक कळवला की कोल्टच्या दफ्तरातल्या जुन्या हस्तलिखित वह्या पाहून कंपनी पत्र देते: नग कधी रवाना झाला, कुणाला, कोणत्या लांबीच्या नळीचा, कोणत्या फिनिशचा. मी घेतलेलं पहिलं रिव्हॉल्व्हर सुंदर निळं होतं आणि विकणाऱ्यानं ते अस्सल म्हणूनच दिलं होतं. पैसे देऊन झाल्यावर मी पत्र मागवलं. फिनिशच्या रकान्यात शब्द होता ‘निकेल’. म्हणजे मूळचा चंदेरी मुलामा उतरवून कुणीतरी ते निळं केलं होतं. तेव्हापासून आधी पत्र, मग व्यवहार.

घरी आणल्यावर करायचं फार थोडं असतं. मऊ कापडावर तेलाचे दोन थेंब घेऊन अलगद पुसायचं आणि नंतर उघड्या बोटांनी धरायचं नाही, कारण घामातल्या मिठानं ठशांचा गंज उमटतो. चामड्याच्या म्यानात कधी ठेवायचं नाही. चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं लोखंड खातात. म्यान जपायचंच, पण वेगळं.

कायद्याचं भान सुरुवातीपासून हवं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र पुराणवस्तू धरतात, पण राज्यांचे नियम वेगळे असतात, तेव्हा तिथल्या आपल्या मंडळींनी आपापल्या राज्याचा नियम आधी वाचावा. भारतात शस्त्र कायदा लागू होतो. जुनं, पुराणवस्तूचं मोल असलेलं हत्यार त्यातून सुटतं ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. नुसतं जुनं आहे म्हणून परवाना चुकत नाही. आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर कपाटात निघालं, तर वारसांनी ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून रीतसर अर्ज करायचा असतो. जमा करण्याआधी ‘जरा चकचकीत करून द्या’ असं मात्र कुणाला सांगू नका. आजोबांचा जुना परवाना, खरेदीची पावती आणि मूळ डबा असेल तर तो, हे सगळं एका पाकिटात नीट ठेवा.