मज्जाविकारी माणसाचें घर

घरांत कोणाला पक्षाघाताचा झटका आला म्हणजे घरचीं माणसें डॉक्टर शोधतात, औषधें आणतात, तेल चोळणारा माणूस ठरवितात. परंतु ज्या घरांत त्या दुखणाइताला पुढील दहा-वीस वर्षें काढावयाचीं असतात, त्या घराकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. वास्तविक त्याचें परावलंबन केवळ त्याच्या पायांवर अवलंबून नसतें. पाय तितकेच दुबळे असूनहि एका घरांत माणूस रात्रीं एकटा उठून शौचकूपाकडे जाऊन येतो, आणि दुसऱ्या घरांत त्याला दर खेपेस मुलाला हांक मारावी लागते. ही हांक मारण्याची लाज वाटून दिवस मावळल्यावर पाणीच पिणें सोडून देणारे म्हातारे थोडे नाहींत.

धाराशिव जिल्ह्यांतील वाशी तालुक्यांत तेरखेडा म्हणून गांव आहे. फटाक्यांच्या धंद्यामुळें त्याचें नांव दूरवर गेलें आहे. परंतु येथें तें उदाहरणादाखल घेतलें आहे तें त्या मुलखांतील घरबांधणीसाठीं. मराठवाड्याचें जुनें घर म्हणजे माळवदाचें घर. जाड दगडमातीच्या भिंती, लांकडी खांब आणि तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर, मधें चौक आणि भोंवतीं ओसरी. निरोगी माणसाला या घरांत कांहीं खटकत नाहीं. परंतु ज्याचा एक पाय ओढत चालतो त्याला उंच जोतें, कमीजास्त उंचीच्या पायऱ्या, ठेंगणें दार, निसरडी न्हाणी आणि परसांतला शौचकूप हीं पांच संकटें एकामागून एक भेटतात.

पैकीं जोत्याचा हिशेब सांगण्याजोगा आहे. चाकाच्या खुर्चीसाठीं उतार करावयाचा तर एक फूट उंचीस बारा फूट लांबी धरावी, असें शासकीय नियमावली सांगते. जोतें दोन फूट असेल तर चोवीस फूट उतार हवा. एवढें अंगण कितीकांना असतें? अशा वेळीं उतार भिंतीच्या कडेनें नेऊन मधें एक सपाट टप्पा ठेवावा व तेथून वळवावा. घाईनें चार-पांच फुटांत उरकलेला उतार हा उतार नव्हे, घसरगुंडी होय.

उंबरठ्याची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनच्या विकाराचा, रोगी चालतां चालतां दारापाशीं एकाएकीं खिळल्यासारखा थांबतो. अरुंद जागा दिसली कीं त्याचें पाऊल जमिनीला चिकटतें. उंबरठा असल्यास पुढें पडण्याचें भय निराळेंच. म्हणून उंबरठा काढावा. पण त्या जागीं आडवी रंगीत पट्टी अवश्य ओढावी. जमिनीवर आडव्या रेघा दिसल्या तर अशा पुष्कळ रोग्यांचें अडलेलें पाऊल सुटतें, हें जेम्स पर्डन मार्टिन या ब्रिटिश मेंदुविकारतज्ज्ञानें १९६७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वर्णिलें आहे. लक्ष्मीचा उंबरठा काढणें ज्या घरच्या वडीलधाऱ्यांना रुचत नाहीं, त्यांचेंहि समाधान या पट्टीनें व्हावयास हरकत नाहीं.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची अडचण पायांची नसून ओळखीची असते. काळ्या रंगाचें पायपुसणें त्याला खड्डा वाटतें. शौचकूपाचें दार भिंतीच्याच रंगाचें असेल तर तें त्याला सांपडत नाहीं. दार निराळ्या रंगाचें करून रात्रीं तेथें मंद दिवा ठेवला तर पुष्कळ काम होतें. मेंदूच्या उजव्या भागाला झटका बसला म्हणजे कित्येकांना डावी बाजू असल्याचेंच भान राहत नाहीं; ते डाव्या चौकटीवर आपटतात. पाण्याचा तांब्या व घंटा त्यांच्या उजव्या हाताशींच ठेवावी.

येथवर जुन्या घराचे दोषच सांगितले. परंतु त्याचा एक गुण असा आहे कीं त्याची किंमत या रोग्यांखेरीज कोणाला पूर्णपणें कळणार नाहीं. पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूला मानेशीं इजा झाली तर खालच्या शरीराला घाम येईनासा होतो, आणि उन्हाळ्यांत अंग तापत जातें. मल्टिपल स्क्लेरॉसिस या विकारांत शरीर थोडेंसें तापलें तरी हातापायांची शक्ति किंवा दृष्टि तात्पुरती ओसरते; उठॉफ या जर्मन नेत्रवैद्यानें ही गोष्ट १८९० सालींच नोंदविली. मराठवाड्याच्या वैशाखांत पारा चाळिसाच्या वर जातो. अशा दिवसांत माळवदाखालची ओसरी थंड असते आणि नव्या पत्र्याची खोली भट्टीसारखी तापते. तरीहि शौचकूप लागून आहे एवढ्यासाठीं रोग्याची खाट पत्र्याखालीं नेली जाते! त्यापेक्षां शौचकूपच ओसरीच्या टोकाशीं बांधावा. खोलीच हवी असेल तर पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा व आंतून छत करावें. मात्र फटाक्यांच्या गांवीं पत्र्यावर कडबा पसरण्याचा मोह आवरलेला बरा.

माळवदाची ही स्तुति आंधळेपणानें करून चालणार नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपांत लातूर व धाराशिव जिल्ह्यांत हजारों माणसें अशाच भिंतींखालीं आणि मातीच्या थराखालीं गाडलीं गेलीं. ज्याला धांवतां येत नाहीं, त्याला असल्या घरांत ठेवावयाचें तर वरचा मातीचा वाजवीपेक्षां जाड थर कमी करावा, भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड घालावे, खांब-तुळयांचे सांधे आवळावे. भूकंपानंतरच्या पुनर्वसनांत घरें मजबूत करण्याचे हेच उपाय सांगितले गेले.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाहीं. पुण्याजवळ खडकीस १९७४ सालीं कमरेखालीं लुळ्या झालेल्या सैनिकांसाठीं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर ही संस्था निघाली. तेथील सैनिक चाकाच्या खुर्चीवर बसून काम करतात, खेळतातहि. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें कंपवात, मल्टिपल स्क्लेरॉसिस, मेंदूचा पक्षाघात आदि विकारांना अपंगत्वांत स्पष्ट स्थान दिलें. पण कायदा सार्वजनिक इमारतीच्या दारापर्यंत येतो; घरच्या न्हाणींत गवंडीच शिरतो.

आणि गवंड्याला सांगावयाचें तें चौकट बसण्यापूर्वीं सांगितलें पाहिजे. ग्रामीण घरकुलाचें किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरलेलें असतें. तेवढ्यांतहि खुर्ची वळण्यापुरती पांच फुटांची मोकळी जागा एका खोलींत राखतां येते. शौचकूपाचें दार तीन फुटी करावें आणि तें बाहेर उघडणारें असावें; कारण आंत पडलेला माणूस दाराला अडून राहिला, तर आंत उघडणारें दार बाहेरच्यांना ढकलतां येत नाहीं. बिजागऱ्या कोणत्या बाजूला ठोकाव्या एवढाच हा प्रश्न आहे, आणि त्या दिवशीं त्याला एक पैसाहि जास्त लागत नाहीं. तीच चौकट पुढें फोडावयाची झाली तर सुतार, गवंडी, सिमेंट आणि आठवडाभराची धूळ, असा सारा खर्च अंगावर येतो. पकडण्याच्या कांबीसाठीं भिंतींत लोखंडी पकडी त्याच वेळीं पुराव्या. कांब मागाहून बसविली तरी चालते.