माळरानाचा कस : आधी माती धरावी, मग खत घालावे

सोलापूर जिल्ह्याचे नाव निघाले की मंगळवेढ्याची काळीभोर जमीन आणि तीत डोलणारी मालदांडी ज्वारी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु जिल्ह्यातील सर्वच शेतकऱ्यांच्या वाट्यास अशी जमीन आलेली नाही. बार्शीकडील बालाघाटाच्या उतारावरील रान घ्या, अथवा सांगोल्याकडील माळ घ्या. तेथे पुष्कळ ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम लागतो. ज्याची जमीन पुरुषभर खोल आहे, त्याची चार बोटे माती वाहून गेली तरी त्याचे काही काळ निभते. माळावरील शेतकऱ्याची तेवढी माती गेली, तर त्याच्या मुलाबाळांच्या हाती केवळ मुरूम उरतो.

खत कोणाच्या रानात पिकते?

माळावरील शेतकरी कष्टाळू असतो. उन्हाळ्यात तो उकिरडा उपसतो, गाडीने खत रानात नेतो आणि पसरतो. पुढे वळवाचा एखादा जोराचा पाऊस होतो, उतारावरून गढूळ पाणी धावू लागते आणि ते खत खालच्या शेतकऱ्याच्या रानात जाऊन पिकते. जमिनीचा कस का राहत नाही, याचे पहिले उत्तर या गढूळ पाण्यात आहे.

याचा हिशेब अवघड नाही. एक हेक्टर रानातील केवळ एक मिलिमीटर माती वाहून गेली, तर दहा घनमीटर म्हणजे अदमासे बारा ते तेरा टन माती जाते. त्याच रानात शेतकरी फार तर पाच टन शेणखत घालू शकतो. शिवाय पाणी जी माती नेते ती सर्वांत बारीक व सकस असते. मागे खडे व वाळू राहतात. म्हणून बांधाविना घातलेले खत हे फुटक्या रांजणात ओतलेल्या पाण्यासारखे होय.

सोलापूरचा धडा

हा प्रश्न सोलापुरास नवा नाही. वर्षाकाठी सरासरी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस, तोही लहरी, आणि त्यातील मोठा भाग सप्टेंबरात. अशा प्रदेशासाठी 1933 साली सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. उतारावरून किती पाणी व किती माती वाहते, याची मोजणी देशात प्रथम जेथे झाली, त्यांत सोलापूरची गणना होते. गवताने झाकलेल्या जमिनीच्या मानाने उघड्या जमिनीतून माती किती तरी अधिक वाहते, हे तेथे दिसून आले. पुढे 1942 साली मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम झाला आणि बांधबंदिस्तीस कायद्याचे पाठबळ लाभले.

बांध घालण्याचा क्रम मात्र माथ्याकडून पायथ्याकडे असावा. वरचे पाणी मोकळे सोडून खाली बांध घातल्यास तो पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो. बांध समपातळीत असावा व जादा पाण्यास दगडी सांडवा ठेवावा. दोन बांधांमधील नांगरट, कुळवणी व पेरणी उतारास आडवी करावी, म्हणजे प्रत्येक तास हा एक लहानसा बांधच होतो.

बांधावरच खताचे कोठार

माती धरली म्हणजे तिला खाऊ घालण्याचा विचार करावा. या भागात कडबा जनावरांच्या पोटात जातो आणि शेणाचा मोठा भाग गोवऱ्यांत जळतो. रानात परत काय जाते? हिरवळीचे पीक घ्यावे तर ते मुख्य पिकाच्या वाट्याची ओल पिते. यावर उपाय असा की, हिरवा पाला रानात न पिकविता बांधावर पिकवावा. सुबाभूळ व गिरिपुष्प ही झाडे हवेतील नत्र स्थिर करतात. त्यांच्या कोवळ्या फांद्या छाटून पाला रानात पसरल्यास तो कुजून खत होतो आणि पसरलेला असताना ओलही राखतो. सोलापूर येथील दीर्घकालीन प्रयोगांत रब्बी ज्वारीस हेक्टरी 25 किलो नत्र सुबाभळीच्या पाल्यातून व 25 किलो युरियातून देणे फायद्याचे ठरले आहे. सुबाभूळ मात्र शेंगा धरण्यापूर्वीच छाटावी, नाही तर तिची रोपे रानभर माजतात.

वरखते द्यावयाची तर ती फोकून देऊ नयेत. दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याबरोबरच, पण त्याच्या खाली, ओलीत पडतील अशी पेरावीत. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद मातीत अडकून पडते, म्हणून ते तर मुळांजवळच पडले पाहिजे.

जमीन पाहून पीक

उथळ जमिनीत रब्बी ज्वारीचा हट्ट धरू नये. तेथे ओल टिकत नाही. खरिपात बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ घ्यावी, अथवा हुलगा व मटकी पेरावी. तुरीचा पाला गळून जमिनीस मिळतो व मुळांच्या गाठी नत्र देतात. कडधान्ये उपटू नयेत, विळ्याने कापावीत. मुळे जमिनीतच राहू द्यावीत. जेथे मुरूम उघडा पडला आहे, तेथे नांगर घालणे थांबवून अंजन गवत लावावे किंवा सीताफळ, बोर यांसारखी काटक फळझाडे लावावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस

मातीचे नमुने घेताना माथा, मध्य व पायथा यांचे नमुने निरनिराळे ठेवावेत. एकत्र केल्यास येणारा अहवाल तिन्ही ठिकाणी चुकीचा ठरतो. त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे एका उतारावरील सर्व शेतकऱ्यांस एकत्र बसविणे. पाणी सातबाऱ्याच्या हद्दी ओळखत नाही. वरच्याने बांध घातला तर खालच्याचे रान वाचते आणि वरच्याचे खत त्याच्याच पिकास मिळते, ही गोष्ट दोघांसही एकाच वेळी पटली पाहिजे.

पहिल्या मोठ्या पावसात शेतकऱ्याने घरी न बसता डोक्यावर पोते घेऊन बांधावर जावे व रानातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग पाहावा. पाणी गढूळ असेल तर आपला कस चालला आहे असे समजावे. ते निवळ येऊ लागेल, त्या वर्षापासून घातलेले खत आपल्या रानात राहील.