ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज: नदीकाठची 240 किलोमीटरची सायकलवाट

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग ते कंबरलँड या सायकलवाटेचा शेवटचा टप्पा 2013 मध्ये पूर्ण झाला. जुन्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तिथं चुनखडीची बारीक खडी दाबून बसवली आहे. मोटारींना सक्त मज्जाव!

आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून इथला चढही दोन टक्क्यांच्या आतच. पिट्सबर्गहून निघालं तर यॉकागेनी नदीच्या काठानं, गर्द झाडीतून वाट इतकी हळूहळू चढते की पायांना जाणवतही नाही. वाटेवरच्या ओहायोपाइल गावात थांबायलाच हवं. तिथल्या उंच पुलाखाली नदी फेसाळत वळसा घेते, रबरी तराफे खडकांमधून उसळत जातात.

पुढे जलविभाजक ओलांडल्यावर सुमारे एक किलोमीटरचा बिग सॅव्हेज बोगदा लागतो. हिवाळ्यात तो बंद असतो. बेत मे ते ऑक्टोबरदरम्यानच आखा.