मोडी कागद आणि बंद पडलेला रनटाइम

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातला जुना कागद शाबूत असला, तरी मोडी वाचणारा नसेल तर तो मुकाच राहतो. संगणकाच्या प्रोग्रामचेही तसेच आहे. त्याला वाचून चालवणारा मधला थर म्हणजे रनटाइम. प्रोग्राम आपला असतो. रनटाइम बहुधा दुसऱ्याच्या मर्जीवर.

जावाचेच पाहा. महाराष्ट्राच्या ई-निविदा पोर्टलवर डिजिटल सही करायला ब्राउझरात जावा लागे. धुळे-साक्रीकडच्या ठेकेदारालाही ते चुकत नव्हते. गूगलने सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोममधून आणि मोझिलाने मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्समधून जावाच्या प्लगइनची सोय काढली. कारण सबळ होते. त्या वाटेने घातक प्रोग्राम शिरत. पण निविदेची मुदत ब्राउझरसाठी थांबत नाही. विंडोजवर आसरा उरला इंटरनेट एक्सप्लोररचा; १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचाही आधार काढला.

अशा वेळी आधी विचारावे: रनटाइम संपला, की एका कंपनीने हात काढून घेतला? ॲपलने ऑक्टोबर २०१० मध्ये मॅकसाठीची आपली जावा मोडीत काढायचे ठरवले. पण जावाचा मूळ कोड तोवर खुला झाला होता. पुढच्याच महिन्यात ओरॅकल आणि ॲपलने ओपनजेडीकेचे मॅकवरील काम जाहीर केले. जावा मॅकवर आजही चालते. फ्लॅशचा कोड मात्र अडोबीच्या मुठीत होता. ३१ डिसेंबर २०२० रोजी आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनेच काम नाकारले. स्वयंसेवकांनी घडवलेल्या ‘रफल’मुळे त्यातले बरेच काही पुन्हा दिसू लागले, सगळे नाही.

मग करावे काय? जुना संगणक जपता येतो. पण त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून तो इंटरनेटपासून तोडावा. नव्या संगणकातच जुन्याचे सोंग उभे करणारे आभासी यंत्र वापरता येते. कायमचा उपाय म्हणजे प्रोग्राम नव्याने लिहिणे. तो महाग आणि वेळखाऊ. म्हणून घोषणा झाली की दिवस मोजायला लागावे. फ्लॅशची घोषणा जुलै २०१७ मधली. हाती साडेतीन वर्षे होती.

त्या मुदतीत पहिले काम माहिती सोडवून घेण्याचे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मोडी कागद बालबोधीत उतरवून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, आणि मूळ कागदही सांभाळले. ग्रामपंचायतीच्या नोंदी असोत वा पतपेढीची खाती, प्रोग्राम चालतो आहे तोवरच त्या साध्या मजकुरात, तक्त्यात काढून ठेवाव्यात. वाचणारा गेल्यावर नक्कल कोण करणार?