बॉनेटखाली आइन्स्टाइन, लेबलवर कोडं

गाडी घेताना रंगावरून घरात आठवडाभर खल चालतो. मायलेज, सनरूफ, डिकीची जागा, सगळं तोंडपाठ असतं. बॅटरी मात्र आपण नेहमी घाईत घेतो. गाडी बंद, ऑफिसला उशीर, फोनवर गॅरेजवाला म्हणतो, "टाकून देऊ का साहेब नवी?" आणि आपण म्हणतो, "टाका." मेथीची जुडीसुद्धा आपण यापेक्षा जास्त न्याहाळून घेतो! पुढच्या खेपेला असं होऊ नये म्हणून ही थोडी गंमत आणि थोडी शिदोरी.

गाडीपेक्षा बॅटरी थोरली

गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाच्या दोन पत्र्यांची गुंडाळी करून ती सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवली आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी जन्माला आली. कार्ल बेंझचं मोटारीचं पेटंट आहे १८८६ चं. म्हणजे बॅटरी गाडीपेक्षा २७ वर्षांनी मोठी. त्यातही गंमत अशी, की रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडणारी गाडी पेट्रोलवर धावत नव्हती. १८९९ मध्ये बेल्जियमच्या कामिय जेनात्झीने हा पराक्रम केला तो शिशाच्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या गाडीतून.

हँडल गेलं, सेल्फ आला

सुरुवातीच्या मोटारी पुढून हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट गेलंच म्हणून समजा. चार्ल्स केटरिंगने विजेवरचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. दिवे लावणाऱ्या बॅटरीकडे इंजिन फिरवायचं काम आलं ते तेव्हापासून. आपल्याकडच्या अँबॅसिडरने मात्र हँडलची सोय पुढे कितीतरी वर्षं जपली. बॅटरी बसली तरी वरात अडायची नाही!

म्हणायला बारा, असायला हवेत १२.६

'बारा व्होल्टची' म्हणतात त्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. बेरीज १२.६. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या टर्मिनलना सकाळी सेल्फ मारायच्या आधी मल्टिमीटर लावा. १२.६ दिसले तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ म्हणजे जेमतेम पाव. 'बारा तर दाखवतोय ना!' म्हणून खूश होणारे बरेच असतात, ते इथेच फसतात.

आता कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि काट्यावर लक्ष ठेवा. भरलेली बॅटरीसुद्धा त्या क्षणी ९.६ च्या खाली कोसळत असेल तर तिचे दिवस भरले. इंजिन सुरू झाल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो बारावरच रेंगाळत असेल तर दोष अल्टरनेटरचा किंवा वायरिंगचा. तेव्हा नवी बॅटरी टाकलीत तर आठवडाभरात तीही बसेल.

आइन्स्टाइनची कृपा

हे २.१ व्होल्ट येतात कुठून? हेलसिंकीचे पेक्का प्युक्को, उप्सालाचे राजीव आहुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये गणित मांडलं. शिशाचा अणू इतका जड, की त्याचे काही इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाशी सलगी करण्याइतके जोरात फिरतात. त्यामुळे सापेक्षतावादाचे परिणाम दिसू लागतात आणि प्रत्येक कप्प्यातल्या व्होल्टेजपैकी १.७ ते १.८ व्होल्ट केवळ त्यांच्यामुळे मिळतात. हे परिणाम वजा केले तर शिसं जवळपास कथलासारखं वागेल, आणि कथलाच्या बॅटरीवर गाडी सुरू होत नाही. रोज सकाळी आइन्स्टाइनच गाडीला धक्का देतो म्हणायचा!

सेल्फ गरीब, दिवा उधळ्या

छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर समजा २०० अँपिअर खेचतो. आकडा ऐकून धडकी भरते, पण हे चालतं जेमतेम सेकंदभर. हिशेब केला तर ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतल्या साठ्याचा सहाशेवा हिस्साही त्यात खर्ची पडत नाही. खरे उधळे निराळेच. चालू राहिलेले दोन हेडलाइट तासाला दहाएक अँपिअर-अवर गिळतात, म्हणजे तीन-साडेतीन तासांत खेळ खलास. गाडी कुलूपबंद असतानाही घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक थोडं थोडं चरत असतात. हे चरणं ५० मिलिअँपिअर धरलं तरी पूर्ण भरलेली बॅटरी २९ दिवसांत रिकामी. महिनाभर परदेशात लेकीकडे राहून आल्यावर गाडी का रुसते, ते कळलं?

मुद्दा असा, की उतरलेली बॅटरी म्हणजे मेलेली बॅटरी नव्हे. आधी नीट चार्ज करून तपासायला सांगा, मग पाकीट काढा.

३८बी२०एल: वाचा फोड करून

आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांच्या बॅटरीवर हा जपानी पद्धतीचा कोड दिसतो. सुरुवातीचा ३८ हा ताकदीचा दर्जा. इथेच भलेभले गंडतात, कारण तो अँपिअर-अवरचा आकडा नाही; या बॅटरीची क्षमता साधारण ३५ अँपिअर-अवर असते. 'बी' हा रुंदी आणि उंचीचा गट. २० म्हणजे लांबी, सेंटिमीटरमध्ये. आणि शेवटचा 'एल' किंवा 'आर' सांगतो, की धन टर्मिनल कुठल्या बाजूला.

शेवटचं अक्षर क्षुल्लक वाटतं, पण खरी फजिती तेच करतं. चुकीच्या बाजूची बॅटरी आणली की ट्रेमध्ये ती झकास बसते आणि वायर मात्र चार बोटं कमी पडते. ती ओढून-ताणून पोचवायच्या फंदात पडू नका. बॅटरी उलटी फिरवून बसवताना धन-ऋणाची अदलाबदल झाली तर फ्यूजपासून इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत काहीही जळू शकतं. सोपा उपाय: निघण्याआधी जुन्या बॅटरीचा वरून एक आणि लेबलचा एक फोटो काढा आणि काउंटरवर दाखवा.

'डीआयएन ४४' असं लिहिलं असेल तर बॅटरी जर्मन घराण्यातली. ही बुटकी, आणि तिला पायथ्याशी खाच असते. क्लँप तिथे बसतो. जपानी घराण्यातली बॅटरी वरून पट्टी टाकून आवळतात. म्हणून एकीच्या जागी दुसरी सहसा चालत नाही.

आणखी एक बारकावा: दोन्ही टर्मिनल सारखी जाड नसतात. धन टर्मिनल मुद्दाम किंचित जाड ठेवलेलं असतं, अंधारात हात चुकू नये म्हणून.

३५ म्हणजे ३५ तास नव्हेत

३५ अँपिअर-अवर ही क्षमता मोजतात ती २० तास हळूहळू रिकामी करून: १.७५ अँपिअर गुणिले २०. एकदम ३५ अँपिअर मागितले तर बॅटरी तासभरही टिकत नाही. घाईत मागाल तर कमीच मिळेल, हा शिशाच्या बॅटरीचा स्वभाव आहे.

थंडीचा आकडा, उन्हाची मार

लेबलवर 'सीसीए' नावाचा आकडा असतो. उणे १८ अंशांच्या गारठ्यात ३० सेकंद बॅटरी किती अँपिअर देऊ शकते, ते तो सांगतो. नागपूरकराला याचं काय? थेट काही नाही. पण सारख्या मापाच्या दोन बॅटऱ्यांत ताकदवान कोणती, हे ठरवायला तो उपयोगी पडतो, आणि गॅरेजमधला छोटा टेस्टरही याच मापात बोलतो. डिझेल गाडीला तर याकडे काणाडोळा करूच नये.

आपल्याकडे बॅटरी मरते ती उन्हाने. साधारण नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग दुप्पट होतो आणि आयुष्य निम्म्यावर येतं. आतलं पाणी उडतं, जाळ्या गंजतात. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरचा पारा ४५ ओलांडतो, तेव्हा बॉनेटखाली काय होत असेल! उन्हाळा तिला आतून पोखरतो आणि बोंब होते पावसाळ्यात, वायपर, दिवे, ब्लोअर सगळे एकदम लागल्यावर. महाबळेश्वरच्या मित्राची बॅटरी सहा वर्षं टिकली म्हणून अकोल्यात बसून हळहळू नका.

मोठी टाकली तर?

'जास्त अँपिअरची टाकली तर वायरिंग जळेल' हा समज घट्ट आहे, पण खोटा. स्टार्टर त्याला हवा तेवढाच करंट घेतो. ३५ च्या जागी थोडी मोठी बॅटरी चालते; अट एवढीच, की ट्रे, क्लँप आणि उंची जुळली पाहिजे. उंची सर्वांत महत्त्वाची. बॉनेट लावल्यावर पत्रा टर्मिनलला टेकला तर ठिणग्यांची दिवाळी ठरलेली. लहान टाकून चार पैसे वाचवणं मात्र हमखास महागात पडतं.

फळीवर म्हातारी झालेली 'नवी'

एक्साइडचे कारखाने चिंचवड, तळोजा आणि अहिल्यानगरला. अमॅरॉनची अमरराजा तिरुपतीजवळची. पण माल शेजारच्या गावचा असला तरी दुकानाच्या फळीवर तो किती महिने बसलाय, हे पाहायलाच हवं. न वापरलेली बॅटरीही स्वतःहून उतरते, उकाड्यात जास्तच. बराच काळ अर्धवट उतरलेली राहिली की प्लेटवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. म्हणून डब्यावरचा उत्पादनाचा महिना विचारा. तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम, सहा उलटलेले असतील तर दुसरी मागा.

२४ अधिक २४ बरोबर ४८?

वॉरंटीच्या गणितात नाही. पहिले २४ महिने बिघडली तर फुकट बदलून मिळते. पुढचे २४ महिने 'प्रो-राटा', म्हणजे नवी घेताना फक्त सवलत, आणि तीही दर महिन्याला आटत जाणारी. शिवाय ही सवलत सहसा छापील किमतीवर धरतात. एरवी दुकानदार छापील किमतीपेक्षा कमीतच देतो, त्यामुळे हाती फारसं उरत नाही. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना पहिला आकडा पाहा. फुकट बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुधा जुनीचीच उरलेली मुदत लागू होते. टॅक्सीला वॉरंटी कमी असते. आणि कार्डावर तारीख नि शिक्का नसेल तर दाद मागणार कशाच्या जोरावर?

हिरवा डोळा, काणा डोळा

काही बॅटऱ्यांवर हिरवा दिसणारा काचेचा ठिपका असतो. हिरवा म्हणजे सगळं आलबेल, असं वाटतं. पण तो डोकावतो सहापैकी एकाच कप्प्यात. उरलेल्या पाचांपैकी एखादा मेला असेल तरी डोळा हिरवागारच.

सिग्नलला झोपणारी गाडी

लाल दिव्याला इंजिन आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होणारी गाडी असेल तर साधी बॅटरी चालत नाही. अशा गाड्यांना 'ईएफबी' किंवा 'एजीएम' प्रकारची लागते. वारंवार उतरणं-चढणं सोसायला ती बनवलेली असते. साधी टाकली तर ती लवकरच राम म्हणते. एजीएमच्या जागी एजीएमच टाका.

आणि इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हसू नये. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीतही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असतेच. ती बसली तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

आधी वजा, मग अधिक

काढताना ऋण टर्मिनल आधी, लावताना ते शेवटी. कारण गाडीचा सगळा पत्रा ऋणाशी जोडलेला असतो. ऋण न काढता धन सोडवताना १० नंबरचा पाना चुकून पत्र्याला लागला, तर पाना टर्मिनलला चिकटून लाल व्हायला वेळ लागत नाही.

'बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते' हे मात्र आता विसरा. लाकडी आणि कडक रबरी डब्यांच्या जमान्यात त्यात तथ्य होतं. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशी काही करत नाही.

जुनी फुकट देऊ नका

जुन्या बॅटरीच्या वजनात सर्वांत मोठा वाटा शिशाचा, आणि शिशाला भाव असतो. म्हणून दुकानात दोन दर विचारा: जुनी देऊन आणि न देता. फरक शंभर-दोनशेचा नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा बिलातली ती ओळही बघा. जुनी घरी ठेवून किंवा रस्त्यावरच्या भंगारवाल्याला विकून उपयोग नाही. ॲसिड गटारात आणि शिसं मातीत जातं. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

शिसं कितीही वेळा वितळवलं तरी शिसंच राहतं. त्यामुळे तुमच्या चकचकीत डब्यातल्या प्लेटा गेल्या जन्मी एखाद्या ट्रकच्या किंवा कुणाच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत असू शकतात. त्याने काही बिघडत नाही. कोरी असावी लागते ती फक्त डब्यावरची तारीख, आणि ती वाचायला चष्म्याशिवाय दुसरं काही लागत नाही.