एका फुटबॉलपटूचा करार

इंग्लंडमधील एका तरुण फुटबॉलपटूने १९६० साली आपल्या क्लबाची नोकरी सोडावयाचे ठरविले. त्याचा करार जूनच्या ३० तारखेला संपला होता. क्लबाचे कसलेही देणे त्याच्या अंगावर नव्हते. तरीही त्याला दुसऱ्या क्लबात जाता येईना, आणि क्लब त्याला पगारही देईना. हे कसे काय होऊ शकते, असा प्रश्न कोणाही समंजस माणसाला पडेल. आजच्या विषयाचे मर्म ह्या प्रश्नातच आहे.

ह्या तरुणाचे नाव जॉर्ज ईस्टहॅम. जन्म १९३६ चा, ब्लॅकपूल गावचा. त्याचे वडीलही जॉर्ज ईस्टहॅमच, आणि तेही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले. पुढे वडील उत्तर आयर्लंडमधील आर्ड्‌स ह्या लहानशा क्लबाचे व्यवस्थापक झाले, स्वतःही खेळत राहिले, आणि मुलगा त्यांच्याच संघात उमेदवारी करू लागला. बाप आणि मुलगा एकाच संघात, एकाच मैदानावर! असा योग क्वचितच येतो. १९५६ साली न्यूकॅसल युनायटेड ह्या नामांकित क्लबाने आर्ड्‌सला ९,००० पौंड देऊन मुलाला घेतले.

त्या काळी संघाची मांडणी गोलरक्षकापुढे २ बॅक, ३ हाफबॅक व ५ फॉरवर्ड अशी सांगत. आघाडीच्या ह्या पाचांपैकी दोन कडेचे, एक मधला, आणि त्यांच्या सांध्यात उभे राहणारे दोन ‘इनसाइड फॉरवर्ड’. प्रेक्षकांच्या टाळ्या मधल्याला मिळतात, परंतु चेंडू मागून आणून नेमक्या क्षणी नेमक्या पायाशी पोचविणे हे काम इनसाइडचे. ईस्टहॅम ह्या जागेवर खेळे. अंगाने किरकोळ होता, पण डावा पाय फार सफाईचा. न्यूकॅसलकडून त्याने लीगमधील १२४ सामने खेळून २९ गोल केले. इतरांच्या नावावर लागलेल्या किती गोलांची मूळ पास त्याची होती, ह्याचा हिशेब त्या काळी कोणी ठेवीत नसे.

येथे ‘व्यावसायिक’ ह्या शब्दाचा थोडा खुलासा केला पाहिजे. त्याच १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३ गोल केले. आमचे असे खेळाडू कंपन्यांतून नोकरी करीत आणि कंपनीच्या संघातून खेळत. खेळ हा कागदोपत्री तरी हौसेचा मामला असे. इंग्लंडमध्ये मात्र खेळणे हीच नोकरी होती. क्लब हा मालक आणि खेळाडू हा नोकर. मग नोकरीच्या अटी कोणत्या, हे पाहणे ओघानेच आले.

पहिली अट वेतनाची. इंग्लिश लीगने १९०१ पासून कमाल वेतन ठरवून दिले होते. आरंभी ते आठवड्याला ४ पौंड होते. वाढत वाढत १९५८ मध्ये ते २० पौंडांवर आले, आणि उन्हाळ्याच्या सुटीत १७ वर. खेळाडू कितीही गुणी असो, मैदानावर पन्नास हजार माणसे लोटोत, त्याहून अधिक देण्याची कोणत्याही क्लबास मुभा नव्हती.

दुसरी अट ह्याहून अवघड होती. आपल्याकडे सालगडी ठेवतात. पुष्कळ ठिकाणी पाडव्याला साल संपते; पटले तर गडी पुन्हा त्याच घरी राहतो, न पटले तर दुसऱ्याची चाकरी धरतो. जुनी उचल फिटली नसेल तर त्याचे पाय अडकतात हे खरे. पण उचल फिटल्यावर वाट मोकळी असते. इंग्लिश फुटबॉलपटूचाही करार सालाचाच असे. फरक एवढाच की, साल संपताना प्रत्येक क्लब दोन याद्या काढी : कोणाला राखून ठेवावयाचे त्यांची एक, आणि कोणाला विकावयाचे त्यांची दुसरी. राखलेल्या खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही, तर ३० जूननंतर त्याचे वेतन बंद. परंतु त्याची नोंदणी क्लबाकडेच राही, आणि ती क्लबाने सोडल्यावाचून लीगमधील दुसरा कोणताही क्लब त्याला खेळवू शकत नसे. परदेशांतील बहुतेक संघटनाही ही नोंदणी मानीत. तेव्हा करार एका वर्षाचा, पण बांधिलकी मालकाची मर्जी असेपर्यंतची!

ईस्टहॅमच्या तक्रारी खरे म्हणजे अगदी घरगुती होत्या. क्लबाने दिलेले घर त्याला राहण्याजोगे वाटत नव्हते, जोडधंदा म्हणून लावून दिलेले काम मनासारखे नव्हते, आणि देशाच्या तेवीस वर्षांखालील संघाबरोबर दौऱ्यावर जाण्यावरूनही खटका उडाला होता. त्याने बदली मागितली. क्लबाने नाकारली. मग त्याने सही करावयाचे नाकारले, न्यूकॅसल सोडले आणि दक्षिणेकडे सरे परगण्यात एर्नी क्ले नावाच्या परिचित व्यापाऱ्याकडे बूच विकण्याचे काम धरले. ऐन तेविशीत, ज्या वयात पायांत वारे भरलेले असते, त्या वयात हा गडी बुचांची विक्री करीत बसला. फॉरवर्डची उमेदीची वर्षे मोजकीच. त्यांतला एकेक आठवडा असा गमावणे म्हणजे काय, हे खेळ न खेळलेल्यालाही कळेल.

अखेर १९६० चे वर्ष सरण्यापूर्वी क्लब नमला आणि ४७,५०० पौंड घेऊन त्याने ईस्टहॅमला लंडनच्या आर्सेनल क्लबाकडे जाऊ दिले. त्याचे काम झाले होते. तो गप्प बसता तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु खेळाडूंच्या संघटनेला ही अटच न्यायालयात तपासून घ्यावयाची होती, आणि त्यासाठी कोणीतरी फिर्यादी हवा होता. ईस्टहॅम तो झाला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसाची चाल हीच होय.

दरम्यान जानेवारी १९६१ मध्ये संघटनेने जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाची धमकी देताच कमाल वेतनाची अट कोसळली. फुलम क्लबाच्या जॉनी हेन्सला आठवड्याचे १०० पौंड मिळू लागले. वर्तमानपत्रांना ही बातमी मोठी वाटली. पण पगार वाढला म्हणून दार उघडले असे होत नाही, आणि दाराचा प्रश्न तसाच उभा होता.

खटला १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांच्यापुढे चालला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडलेल्या विल्यम विल्बरफोर्स यांचे हे वंशज, आणि जन्म आपल्या जालंधरचा! क्लबांचे म्हणणे असे की, ही अट काढली तर श्रीमंत क्लब सारे चांगले खेळाडू पळवतील आणि लहान क्लब बुडतील. हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. आर्ड्‌सला मिळालेले ९,००० पौंड हे लहान क्लबाच्या दृष्टीने थोडे नव्हतेच. तथापि विल्बरफोर्स यांनी असा निर्णय दिला की, करार संपल्यावरही खेळाडूला अशा रीतीने अडकवून ठेवणे हा त्याच्या उपजीविकेवर घातलेला गैरवाजवी निर्बंध आहे. मागील वेतनाचा ईस्टहॅमचा दावा मात्र मान्य झाला नाही. तत्त्व जिंकले, खिशात काही पडले नाही.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम ह्याच विषयावर असून ते इंग्लिश कायद्याहून कडक आहे : व्यवसायास आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्द. श्रीरामपूरचे क्रिकेटपटू जहीर खान यांना मुदत संपल्यानंतरच्या एका अटीने बांधू पाहणाऱ्या व्यवस्थापन कंपनीला सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ह्याच कलमावर बोट ठेवून नकार दिला.

इंग्लंडमध्ये निकालानंतर नियम बदलले. खेळाडूला राखावयाचे तर निदान पूर्वीइतक्याच वेतनाचा करार देणे क्लबास भाग पडले, आणि वाद मिटविण्यासाठी स्वतंत्र लवाद आला. ईस्टहॅम पुढे आर्सेनलमध्ये रमला, १९६३ मध्ये इंग्लंडकडून खेळू लागला, आणि १९७२ साली वयाच्या ३५ व्या वर्षी लीग चषकाच्या अंतिम सामन्यात स्टोक सिटीचा विजयी गोल त्याने केला. पण करार संपलेल्या खेळाडूबद्दलही नवा क्लब जुन्याला पैसे मोजी, ती रीत चालूच राहिली. बेल्जियमच्या बोस्मान नावाच्या खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने, युरोपीय संघाच्या एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या त्यांच्या नागरिकांपुरती, ती बेकायदा ठरविली १५ डिसेंबर १९९५ रोजी. त्या दिवशी ईस्टहॅमचे वय ५९ होते.